पाचशे तास आणि एक लोशन

संध्याकाळी सात ते नऊ ही मेडिकलच्या दुकानातली सगळ्यात धांदलीची वेळ. दवाखाने नुकतेच सुटलेले असतात, चिठ्ठ्या धरलेले हात काउंटरवर एकमेकांच्या वरून पुढे येत असतात, कुणी तरी फोनवरून औषधाचं नाव एकेक अक्षर करून सांगत असतं. त्या गर्दीत एखादी आजी किंवा नवखा बाप पुढे सरकतो आणि म्हणतो, "बाळासाठी काही तरी चांगलं द्या, अंग फार कोरडं पडलंय." काउंटरवरचा हात मागच्या रॅककडे जातो, तीनेक बाटल्यांतली एक पुढे येते आणि प्रश्न एकच विचारला जातो : "मोठी देऊ की छोटी?" बाळ किती महिन्यांचं आहे, पूर्ण दिवसांचं होतं का, त्वचा नुसती कोरडी आहे की लाल झाली आहे, खाजवतंय का, घरात आधीपासून काय लावताय, यांतलं काहीही विचारलं जात नाही. विचारायला वेळ नसतो हे खरं. पण ते विचारायचं असतं, हे काउंटरवरच्या त्या मुलाला कुणी सांगितलेलं असतं का?

या अंकासाठी 'घरातलं रसायन' असा विषय ठरला, तेव्हा बाळाच्या लोशनमध्ये कोणकोणतं विष दडलंय याची यादी अपेक्षित असणार. तशा याद्या घराघरांतल्या मोबाइलवर दर आठवड्याला येत असतात. मात्र बाटल्यांची मागची बाजू आणि दुकानांची पुढची बाजू शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की वेगळंच चित्र उभं राहतं. नियमानुसार बनलेल्या बाटलीतल्या घटकांपासून बाळाला होणारा धोका बहुतेक वेळा किरकोळ असतो. मोठा धोका चुकीची वस्तू चुकीच्या त्वचेसाठी हातात पडण्याचा आहे. तो रोखण्यासाठी कायद्याने काउंटरवर एक माणूस उभा केलेला आहे, फार्मासिस्ट. त्याचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण किती तासांचं असतं आणि त्या तासांत काय होतं, याकडे आपण पॅराबेनसारख्या टिकाऊपणासाठीच्या रसायनांच्या निम्म्यानेही लक्ष दिलेलं नाही.

पातळ भिंत

तान्ह्या बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मोठ्यांच्या तुलनेत सुमारे 30 टक्के पातळ असतो. पाणी आत धरून ठेवायचं आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं ही या थराची कामं. ती नीट जमायला त्याला जन्मानंतर काही महिने जावे लागतात. दुसरी गोष्ट आकाराची. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांच्या दोन ते तीन पट असतं. म्हणजे अंगभर लावलेल्या क्रीममधून जे काही शोषलं जाईल, ते दर किलो वजनामागे बाळाला जास्त मिळतं. तिसरी गोष्ट आम्लतेची. मोठ्यांच्या त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. जन्मतः तो जवळजवळ उदासीन असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत खाली येतो. साध्या साबणाने तो पुन्हा वर ढकलला जातो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत हे सगळं आणखी नाजूक.

शरीराचा एक भाग मात्र निराळाच हिशेब मागतो : लंगोटाखालचा. तिथे ओलावा कोंडलेला असतो, लघवी आणि शीमधली विकरं त्वचेला चरत असतात, वरून डायपरचं घट्ट झाकण. झाकलेल्या आणि सोललेल्या त्वचेतून कुठलाही पदार्थ जास्त प्रमाणात आत जातो. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वादात हा भाग केंद्रस्थानी आहे.

जगातली एक अत्यंत भीषण घटनाही तिथलीच. 1972 साली फ्रान्समध्ये बाळांच्या एका टाल्कम पावडरीत कारखान्यातल्या चुकीने हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सुमारे 6 टक्के मिसळलं गेलं. लंगोटाच्या जागी ती पावडर लावलेली 36 बाळं दगावली. त्यानंतर 1975 मध्ये फ्रान्सने सौंदर्यप्रसाधनांसाठी वेगळा कायदा केला. या घटनेत घटकाच्या नावाइतकंच महत्त्व प्रमाणाला, जागेला आणि कारखान्यातल्या तपासणीला होतं, हे लक्षात ठेवावं. कारण मोबाइलवरच्या याद्यांत नेमक्या या तीन गोष्टी नसतात.

बाटलीची मागची बाजू

बाजारातलं कोणतंही बेबी लोशन उचला. समोर बदाम, दुधाचा शिंतोडा, हसरं बाळ. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचं. त्यामागे ग्लिसरीन, जे पाणी धरून ठेवतं. मग लिक्विड पॅराफिन, पेट्रोलॅटम किंवा एखादं वनस्पती तेल. हे त्वचेवर पापुद्रा धरतात आणि पाणी उडू देत नाहीत. मग सीटाइल अल्कोहोल, स्टिअरिक अॅसिड वगैरे मंडळी. त्यांतलं 'अल्कोहोल' वाचून घाबरणारे बरेच असतात, पण तो मेणासारखा पांढरा घन पदार्थ आहे, दारूशी त्याचा संबंध नाही. तो नसेल तर तेल आणि पाणी बाटलीत वेगळं होऊन बसेल.

आता गंमत शेवटच्या ओळींची. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने, असा यादीचा दंडक आहे. फिनॉक्सिइथॅनॉल हे टिकाऊपणासाठी वापरलं जाणारं रसायन युरोपीय नियमांनुसार 1 टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. तेव्हा यादीत त्याचं नाव शोधावं. ते प्रमाणात असेल, तर त्यामागून आलेला प्रत्येक घटक फार तर टक्काभर. दर्शनी भागावर मिरवलेलं बदाम तेल, केशर किंवा दुधाचं प्रोटीन अनेकदा या रेषेपलीकडे सापडतं. बाळाच्या अंगाला जो फरक पडतो तो ग्लिसरीन आणि पॅराफिनमुळे. किंमत मात्र बदामाची दिलेली असते. हे फसवणुकीत बसत नाही, कारण नियम पाळलेला आहे. पण ही एक खूण काउंटरवरच्या माणसाला माहीत असेल, तर तो गिऱ्हाइकाचे शंभर-दोनशे रुपये वाचवू शकतो.

यादीतला ज्याच्याबद्दल खरोखर बोलावं असा शब्द आहे 'परफ्यूम'. त्या एका शब्दाआड पाच-पन्नास सुगंधी रसायनं असू शकतात. युरोपने त्यांतली अॅलर्जी करणारी 26 रसायनं नावानिशी छापायला लावली होती आणि 2023 साली ती यादी 80च्या पुढे नेली. बाळाला सुगंधाची गरज नाही. तो आईबापांसाठी घातलेला असतो. त्वचा निरोगी असेल तर बहुतेक बाळांना तो सोसतो. पण कोरड्या, खाजणाऱ्या, एक्झिमाकडे झुकलेल्या त्वचेसाठी बिनवासाची बाटली घ्यावी, यावर त्वचारोगतज्ज्ञांत फारसं दुमत नाही. आणि दुकानात लोशन मागायला येणारं बाळ बहुतांशी याच गटातलं असतं, नाही तर ते कोरड्या अंगाची तक्रार घेऊन आलंच नसतं.

'हायपोअॅलर्जेनिक', 'डॉक्टरांनी तपासलेलं', 'सौम्य' या शब्दांना मात्र कायद्याचा ठरलेला निकष नाही. त्यांच्यावर विसंबू नये. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी 2020 चे स्वतंत्र नियम आहेत आणि भारतीय मानक ब्यूरोची मानकं आहेत. त्वचेच्या क्रीमसाठीचं आयएस 6608 हे मानक जड धातू, आर्सेनिक आणि जंतूंच्या संख्येवर मर्यादा घालतं. पीएचसाठी मात्र 4 ते 9 अशी ऐसपैस जागा सोडतं. पीएच 5 ची क्रीम आणि पीएच 9 ची क्रीम दोन्ही कायदेशीर, बाळाच्या त्वचेसाठी मात्र दोन्ही सारख्या नाहीत.

पीएचवरून महाराष्ट्रात केवढं रण माजू शकतं ते आपण पाहिलंच आहे. पुणे आणि नाशिकला घेतलेल्या बेबी पावडरीच्या नमुन्यांचा पीएच ठरल्यापेक्षा जास्त आढळला म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2022 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. नमुने होते 2018 अखेरचे. मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा तपासणी करवली, ताजे नमुने मानकात बसले, आणि जानेवारी 2023 मध्ये प्रशासनाचे आदेश रद्द झाले. कोण बरोबर होतं हा प्रश्न बाजूला ठेवू. चार वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या पावडरीबद्दलचा निर्णय आज येत असेल, तर ज्या बाळासाठी ती घेतली ते तोवर बालवाडीत जायला लागलेलं असतं. सरकारी तपासणी हवीच. पण खरेदीच्या संध्याकाळी ती उपयोगी पडत नाही.

'मुक्त' शब्दाची किंमत

पॅराबेनविरोधी मोहिमेची सुरुवात साधारण 2004 पासून झाली. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला, असा निष्कर्षही त्या अभ्यासातून निघत नव्हता. तरी बातमी जगभर गेली. युरोपने पुढे 2014 मध्ये नेमकेपणाने पावलं टाकली : पुरेशी माहिती नसलेले पाच पॅराबेन बंद, आणि प्रोपिल व ब्यूटिल पॅराबेन तीन वर्षांखालच्या बाळांच्या लंगोटाच्या जागी लावायच्या उत्पादनांत नकोत. मिथिल आणि इथिल पॅराबेन मर्यादेत चालू राहिले. जागा आणि वय पाहून घेतलेला हा निर्णय होता. बाजाराने त्याचं रूपांतर 'पॅराबेन-मुक्त' या सरसकट शिक्क्यात केलं.

आता, पाणी असलेली कोणतीही क्रीम टिकवण्यासाठी काही तरी घालावंच लागतं. न घातलं तर आठ-पंधरा दिवसांत त्यात जंतू माजतात, आणि बाळाची बोटं लागलेल्या, बाथरूममध्ये उघड्या पडलेल्या डबीत आणखी लवकर. मग पॅराबेनच्या जागी काय आलं? अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन. काही वर्षांतच युरोप-अमेरिकेत संपर्कजन्य अॅलर्जीची लाट उठली. बाळांच्या ओल्या वाइप्समुळे पुरळ उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली या रसायनाला 'वर्षाचा अॅलर्जन' ठरवलं. युरोपने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांतून ते काढून टाकायला लावलं. आणि 2019 साली त्याच संघटनेने पॅराबेनला 'वर्षाचा अॅलर्जी न करणारा' पदार्थ ठरवलं! भीतीपोटी आपण त्यातल्या त्यात गरीब गाय हाकलून मारकं जनावर गोठ्यात आणलं होतं.

यावर म्हटलं जाईल, की शंका असेल तर टाळलेलं बरं. तत्त्व म्हणून ते मान्य. पण टाळणं म्हणजे काहीच न घेणं नव्हे, दुसरं काही तरी घेणं असतं, आणि त्या दुसऱ्याची चौकशी कुणी करत नाही. ज्याला खरोखरच टिकाऊ रसायन नको असेल, त्याच्यासाठी सोपी वाट आहे : ज्यात पाणीच नाही असं काही घ्यावं. निव्वळ पेट्रोलियम जेली किंवा स्वच्छ तेल. तीही स्वस्त.

तेलाची वाटी

दिवाळीच्या अंकात अभ्यंगाचा विषय टाळून चालणार नाही. आपल्याकडे बाळाला पहिलं मॉइश्चरायझर आजीच्या, नाही तर मालीशवाल्या मावशींच्या हातून लागतं, खोबरेल तेलाचं. आधुनिक आईबापांना ते जुनाट वाटतं आणि लोशन शास्त्रीय वाटतं. पुरावा इतका एकतर्फी नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना खोबरेल तेलाने केलेल्या मालीशीचा वजनवाढीला खनिज तेलापेक्षा जास्त उपयोग दिसला. बांगलादेशात सूर्यफूल तेल लावलेल्या कमी दिवसांच्या बाळांत रुग्णालयातला जंतुसंसर्ग घटला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये अशा बाळांना तेल लावण्याचा विचार करता येईल, असं म्हटलं आहे.

दुसरी बाजूही आहे. मँचेस्टरमध्ये पूर्ण दिवसांच्या 115 बाळांवर झालेल्या प्रयोगात ऑलिव्ह आणि सूर्यफूल या दोन्ही तेलांनी त्वचेतल्या स्निग्ध थरांची रचना पक्व होण्यात अडथळा आणल्याचं आढळलं. मोहरीचं तेल त्वचेला त्रासदायक ठरू शकतं. शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी जास्त आढळली, हा 2003 सालचा ब्रिटिश निष्कर्ष महाराष्ट्रात तर मुद्दाम सांगायला हवा, कारण आपल्या स्वयंपाकघरात हाताशी असतं ते हेच तेल. उटण्याचं आणि डाळीच्या पिठाचं म्हणाल, तर ते बाळाची 'लव' काढण्यासाठी जोराने चोळणं म्हणजे आधीच पातळ असलेला थर खरवडणं. पहिल्या दिवाळीला बाळाच्या अंगाला उटण्याचं बोट लावावं, रगडू नये.

आणखी एक गोष्ट क्वचित बोलली जाते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 साली इशारा दिला, की तेलकट क्रीम, मग ती पॅराफिनची असो वा नसो, कपड्यांत मुरून सुकली की ते कापड भराभर पेट घेतं. तिथे हा इशारा सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आणि उघड्या ज्योतीजवळ जाणाऱ्यांसाठी होता. आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला धुरी देण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी असते, आणि बाळ ज्या दुपट्यात गुंडाळलेलं असतं त्यात कित्येक दिवसांचं तेल मुरलेलं असतं. लोशन विकताना हे वाक्य सांगायला पाच सेकंद लागतात.

महागड्या बाटल्यांबद्दल दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष काउंटरवर चिकटवून ठेवावेत असे आहेत. एक्झिमा असलेल्या 550 मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारही प्रकारांचा उपयोग सारखाच आढळला. आणि जन्मापासून रोज क्रीम लावल्याने एक्झिमा टळतो का, हे 1,394 बाळांवर तपासलं, तेव्हा उत्तर 'नाही' असं आलं. त्वचेचे संसर्ग थोडे वाढलेच. म्हणजे निरोगी बाळाला 'आधीपासूनच लावलेलं बरं' म्हणून विकणं निराधार आहे. ज्याला गरज आहे त्याला मात्र भरपूर लागतं : ब्रिटिश मार्गदर्शिका एक्झिमाच्या मुलासाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम सांगते. आपल्याकडे 50 ग्रॅमची उंची ट्यूब महिनाभर पुरवून पुरवून वापरली जाते आणि मग 'काही फरक पडला नाही' म्हणून तिच्याहून महागडी घेतली जाते.

शेजारच्या खणातली ट्यूब

इथपर्यंतचे बहुतेक धोके सौम्य. खरा धोका रॅकच्या शेजारच्या खणात असतो. लंगोटाच्या जागी लाल चट्टे आलेत, लोशनने थांबत नाही, असं सांगत दुसऱ्यांदा आलेल्या आईच्या हातात काही दुकानांतून सर्रास एक 'तीन-इन-वन' मलम पडतं : जंतुनाशक, बुरशीनाशक आणि सोबत क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली जाते, घर खूश. मग ती ट्यूब घरातली कायमची 'बाळाची क्रीम' होऊन बसते. झाकलेल्या, पातळ त्वचेतून ते स्टिरॉइड रक्तात जातं. चेहरा चंद्रासारखा गोल होणं, वजन वेडंवाकडं वाढणं, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं बंद पडणं, अशी बाळं देशातल्या रुग्णालयांत आल्याच्या नोंदी बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. अचानक मलम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या 14 स्टिरॉइडांची सूट काढून घेतली आणि ती चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला होता. कागदावर काम झालं. पण चिठ्ठी आहे का, हे विचारणारा शेवटी तोच, "मोठी देऊ की छोटी?" म्हणणारा. लोशन हे सौंदर्यप्रसाधन. ते किराणा दुकानात मिळतं, त्याला औषधविक्रीचा परवाना लागत नाही. म्हणून त्याच्या विक्रीत फार्मासिस्टचं काय काम, असं मालक म्हणतात. काम हेच : कोरडी त्वचा आणि आजारी त्वचा यांतला फरक ओळखणं, पहिलीला स्वस्त बाटली देणं आणि दुसरीला डॉक्टरकडे पाठवणं. किराणावाल्याकडून ही अपेक्षा नाही. ज्याच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे त्याच्याकडून आहे.

प्रमाणपत्राच्या फ्रेममागे

डी. फार्म. हा फार्मासिस्ट होण्यासाठीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात त्याची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेतं. दोन वर्षं झाली की 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, किमान तीन महिन्यांत विभागलेलं, आणि त्यातले किमान 250 तास चिठ्ठीवरची औषधं देण्याचे. फार्मसी कौन्सिलच्या 1991 च्या नियमावलीत ही तरतूद होती. 2020 ची नवी नियमावली आली, अभ्यासक्रम बराच सुधारला, 'कम्युनिटी फार्मसी' हा स्वतंत्र विषय आला, 500 तास तसेच राहिले. आठवड्याला सहा दिवस धरले तर रोज साधारण साडेसहा तास. कमी नाहीत. नीट वापरले तर या मुलाला काउंटर पूर्ण कळू शकतो.

ते कसे वापरले जातात? जिथे मालक स्वतः फार्मासिस्ट आहे आणि त्याला शिकवण्याची हौस आहे, तिथे मुलगा पहिले काही दिवस रॅक लावतो. कंपन्या आणि घटक यांची जोडी डोक्यात बसते, एक्स्पायरी तपासताना बॅचचा अर्थ कळतो, शॉर्टबुकात माल लिहिताना शहरातली आजारपणं दिसतात. मग चिठ्ठ्या वाचायला लागतो, मग माणसांशी बोलायला. अशी दुकानं आहेत आणि त्यांतून तयार झालेली मुलं चटकन ओळखू येतात. पण दुसरा प्रकारही या क्षेत्रातल्या कुणाला सांगावा लागत नाही. ओळखीच्या मेडिकलमधून फॉर्मवर सही-शिक्का आणायचा, तीन महिन्यांत दुसरी नोकरी किंवा बी. फार्म.च्या प्रवेशाची धावपळ करायची, आणि 500 तासांचा कागद कौन्सिलकडे जोडायचा. तिसरा प्रकार मधला : मुलगा रोज येतो, पण खोकी उचलायला आणि घरपोच पार्सलं द्यायला. तास खरे असतात, शिक्षण नसतं.

नियमात एक शहाणी अट होती : एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तिथे दोनपेक्षा जास्त शिकाऊ मुलं घ्यायची नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एकच. कारण उघड आहे. हे काम खांद्याशी खांदा लावून शिकायचं असतं. गेल्या काही वर्षांत तालुक्यातालुक्यांत डी. फार्म.ची कॉलेजं निघाली. एका गावातून दरवर्षी साठ-साठच्या तुकड्या बाहेर पडतात. त्यांच्यासाठी शिकवणारे फार्मासिस्ट, आणि तेही दिवसभर प्रत्यक्ष दुकानात हजर असणारे, पुरतील इतके त्या गावात असतात का? 2012 च्या सुमारास महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे अशी मोहीम निघाली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी किती विरोध केला हे आठवावं. ज्या दुकानात फार्मासिस्टचं प्रमाणपत्रच भाड्याचं, तिथे शिकाऊ मुलाने कुणाच्या खांद्याशी उभं राहायचं?

बी. फार्म.ची कथा याहून अजब. चार वर्षांच्या पदवीत 150 तासांचं, चार आठवड्यांचं प्रशिक्षण असतं, आणि ते औषधकंपनीत, प्रयोगशाळेत, रुग्णालयात कुठेही चालतं. काउंटर त्या यादीत एक पर्याय म्हणून आहे, सक्ती नाही. परिणामी टॅब्लेट दाबण्याचं यंत्र पाहिलेला पदवीधर, एकाही आजीला उत्तर न देता, नोंदणीकृत फार्मासिस्ट होऊन दुकान टाकू शकतो. ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या पदवीनंतर वर्षभर प्रत्यक्ष काम, नेमून दिलेल्या मार्गदर्शकाखाली, आणि मग परीक्षा. आपल्याकडे डी. फार्म.नंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम 2022 साली आले, हे चांगलंच झालं. पण लेखी परीक्षेत मुलाला क्लोबेटासोलचा वर्ग विचारता येतो; घाईतल्या बापाला 'हे देत नाही, बाळाला दाखवून आणा' असं न दुखावता सांगता येतं का, हे विचारता येत नाही.

मालकांचं म्हणणं

दुकानदारांचं म्हणणंही ऐकायला हवं, आणि ते पोकळ नाही. ऑनलाइन कंपन्यांच्या सवलतींशी झगडत दुकान चालवायचं, मार्जिन घटलेलं, नोकर टिकत नाहीत, त्यात शिकाऊ मुलाला उभं करून शिकवायचं, आणि त्याबद्दल कॉलेज, कौन्सिल, सरकार, कुणीही एक रुपया देत नाही. कॉलेज दोन वर्षांची फी घेतं. शेवटचं आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचं शिक्षण मात्र फुकटात दुकानदाराच्या गळ्यात. हा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. यावर उपाय म्हणून तास कमी करणं चुकीचं ठरेल. शिकवणाऱ्या दुकानांची निवड करून त्यांना कॉलेजच्या फीमधून मानधन देणं, आणि कॉलेजच्या शिक्षकाने महिन्यातून एकदा तिथे जाऊन मुलाला काउंटरवर काम करताना पाहणं, एवढं तरी करता येईल. ज्या कॉलेजला अशी दुकानं मिळत नाहीत, त्याने तेवढी मुलं घेऊ नयेत. दोन मुलांच्या मर्यादेचा खरा अर्थ हाच आहे.

दुसरं म्हणणं : गिऱ्हाइकाला सल्ला नको असतो, बाटली हवी असते. ज्याला 'तेच द्या' म्हणायचं असतं तो नाव घेऊन येतो. त्याला बाटली द्यावी, वाद घालू नये. पण "काही तरी चांगलं द्या" म्हणणारा माणूस सल्लाच मागत असतो. आपण त्याला सल्ला द्यायचं नाकारतो तेव्हाही एक सल्ला देतच असतो : ज्या कंपनीची स्कीम या महिन्यात चांगली आहे तिची बाटली. तिसरं म्हणणं डॉक्टरांच्या बाजूने येतं, की फार्मासिस्टने रोगनिदान करू नये. करूच नये. बाळ तीन महिन्यांखालचं असेल, त्वचेतून पाणी येत असेल, ताप असेल, दूध कमी पीत असेल, की डॉक्टरकडे पाठवायचं, याला निदान म्हणत नाहीत.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाशी बोलणं, समजावणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून आधीच नोंदलेलं आहे. 1991 च्या नियमावलीने शिकाऊ मुलाच्या कामांची जी जंत्री दिली होती, तिच्यात कायद्याच्या नोंदवह्या ठेवणं, उपकरणं हाताळणं, चिठ्ठी वाचणं, मात्रा तपासणं, औषध देणं, साठवण, असं सगळं होतं; माणसाशी बोलणं नव्हतं. त्या काळाला ते शोभणारं होतं. आज 250 तास चिठ्ठ्यांसाठी राखून ठेवले आहेत, तसे पन्नास तास बिनचिठ्ठीच्या गिऱ्हाइकांसाठी राखायला हरकत नसावी. मुलाने वहीत तारीखवार लिहावं : काय मागितलं, आपण काय विचारलं, काय दिलं किंवा का दिलं नाही. परीक्षकाने ती वही उघडून कोणत्याही पानावर बोट ठेवावं आणि विचारावं. मित्राच्या दुकानातून शिक्का आणता येतो, पन्नास तासांची अशी संभाषणं रचून लिहिणं बरंच कष्टाचं आहे. त्या वहीचा आणखी एक फायदा होईल. गोळीने पुरळ उठलं तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याची राष्ट्रीय यंत्रणा आहे; लोशनने उठलं तर घरचे बाटली फेकून देतात आणि कुणालाच कळत नाही. कोणत्या बाटलीनंतर कोणत्या वयाची किती बाळं लाल होऊन परत आली, हे लिहून ठेवायला त्या काउंटरइतकी चांगली जागा दुसरी नाही, आणि ते लिहायला साठ मुलांची तुकडी दरवर्षी रिकामीच उभी असते.